शिकलो शिष्यवृत्तीवर, आता पुढच्यांसाठी काय करू?

शिष्यवृत्तीवर शिकून कामाला लागलेल्या वाचकांना आम्ही विचारलं होतं, की मागून येणाऱ्या मुलांसाठी काही करायचं मनात असेल, तर अडतं कुठे? आलेल्या पत्रांतली सहा पत्रं इथे घेतली आहेत.

आम्ही अकरा मित्र. सगळे करमाळा तालुक्यातले, भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीवर पदवीधर झालेले. आता पुण्या-मुंबईत नोकऱ्या करतो. दरवर्षी गावाकडच्या कॉलेजात गुणवंतांचा सत्कार ठेवतो. शाल, स्मृतिचिन्ह, पाच हजारांचं पाकीट. यापेक्षा उपयोगाचं काही आहे का?
— खासगी नोकरदार, पुणे

आहे, आणि ते तुमच्यासारख्यांनीच करायचं काम आहे. तुम्ही जी शिष्यवृत्ती घेतलीत तिला गुणवत्ता यादी नसते. अनुसूचित जातीचा विद्यार्थी, घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत, मान्यताप्राप्त अभ्यासक्रम, एवढं जुळलं की ती मिळायलाच हवी. म्हणजे एखाद्या पात्र पोराची शिष्यवृत्ती बुडते तेव्हा ती कागदावर बुडते नाहीतर बँकेत. ती बुडू न देणं पाच हजारांच्या पाकिटापेक्षा कितीतरी मोलाचं आहे.

महाडीबीटीचे, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरचे, अर्ज सुरू झाले की तुमच्या कॉलेजात दोन रविवार मागून घ्या. दोहोंमध्ये तीन आठवड्यांचं अंतर ठेवा. चाळीस मुलांमागे चार लॅपटॉप, एक प्रिंटर आणि आठ जण लागतील. नवख्या मुलाचा एक अर्ज नीट भरायला पाऊण तास धरा. पाच तासांत चार लॅपटॉपवर पंचवीस-सव्वीस अर्ज होतात, त्यामुळे उरलेल्यांसाठी संध्याकाळ राखून ठेवा.

पहिल्या रविवारी अर्ज उघडूच नका. तो दिवस बँक आणि दाखल्यांचा. प्रत्येक मुलाला आपल्या मोबाइलवर आधारच्या संकेतस्थळावर जाऊन बँक सीडिंगची, म्हणजे आधारला कुठलं खातं जोडलंय याची, स्थिती पाहायला लावा. इथे भल्याभल्यांचा गैरसमज असतो. थेट लाभाचे (डीबीटीचे) पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यावर जात नाहीत. आधारला शेवटचं जे खातं डीबीटीसाठी जोडलेलं असतं, त्यात ते जातात. कुणी सिमकार्ड घेताना पेमेंट बँकेचं खातं उघडून गेलेलं असतं, कुणाच्या वडिलांनी दुसऱ्याच एखाद्या योजनेसाठी वेगळ्या बँकेत अंगठा दिलेला असतो. पैसे तिथे जातात आणि पोरगी वर्षभर पासबुक भरून आणत राहते. ‘खात्याला आधार जोडलंय’ असं बँकेत सांगितलं तरी तेवढ्यावर थांबू नका. ते केवायसीसाठी जोडलेलं असू शकतं. डीबीटीसाठी वेगळा संमती अर्ज भरून द्यावा लागतो. तो दिला की चार-पाच दिवसांनी पुन्हा स्थिती पाहायची. बँकेचं नाव बरोबर आणि पुढे ‘ॲक्टिव्ह’ दिसलं, तरच काम झालं.

दुसरी अडचण शाळेत असताना काढलेल्या खात्याची. मूल अठरा वर्षांचं झालं की त्या खात्याची केवायसी आणि सही नव्याने द्यावी लागते. दोन वर्षं व्यवहार नसेल तर खातं निष्क्रिय होतं. शंभर रुपये भरून पन्नास काढून बघा. खातं जिवंत आहे की नाही, ते तिथल्या तिथे कळतं.

मग नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर आणि आधारवर एका अक्षराचाही फरक असेल तर आधार दुरुस्त करून घ्या. बोर्डाकडून गुणपत्रिका बदलून आणणं फार लांबचं काम. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे का, हेही त्याच दिवशी पाहा, कारण ओटीपी तिथेच येणार. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचाच लागतो. तलाठ्याचा दाखला ही त्याची पहिली पायरी असते, आणि मुलं नेमका तोच जोडून मोकळी होतात. शिक्षणात खंड पडला असेल तर खंडाचं प्रतिज्ञापत्र हवं. यातलं जे नसेल ते मिळवायला मधले तीन आठवडे. तुमची पाकिटं इथे खर्च करा. तालुक्याला दोन फेऱ्या, झेरॉक्स, रोजगार बुडवून सोबत आलेल्या आईची मजुरी. शे-दोनशे रुपयांसाठी दाखला राहून जातो, हे तुम्हाला नव्याने सांगायला नको.

दुसऱ्या रविवारी अर्ज. वसतिगृहात राहणारा की घरून येणारा, अभ्यासक्रमाचं वर्ष, प्रवेशाची तारीख आणि फी, या चार रकान्यांत चुका होतात. मागच्या वर्षीचा युजरनेम विसरलेल्या मुलाने नवीन नोंदणी करायचा प्रयत्न केला तर आधार आधीच नोंदलेलं असल्यामुळे तो अडतो. जुनाच शोधून काढावा लागतो. युजरनेम आणि पासवर्ड मुलाच्या वहीत लिहा, तुमच्या नव्हे. ओटीपी कुणीही व्हॉट्सॲप गटावर टाकायचा नाही, आणि रात्री निघताना लॅपटॉपवरची आधारची सगळी चित्रं पुसून टाकायची.

खरं काम मात्र यानंतरचं आहे. अर्ज कॉलेजच्या लिपिकाकडे जातो, तिथून समाजकल्याणकडे. एखादा कागद पुसट असेल तर तो ‘सेंड बॅक’ होतो. म्हणजे मुलाने लॉगिन करून दुरुस्त करायचा. मूल लॉगिन करत नाही आणि मुदत निघून जाते. म्हणून तुमच्यातल्या प्रत्येकाने चार-पाच मुलं वाटून घ्या आणि दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला एक फोन करा: “अर्ज उघडलास का? स्थिती काय दाखवतोय?” पैसे खात्यात येईपर्यंत हे चालू ठेवा. एवढं जमलं नाही, तर शिबिर फोटोपुरतं उरेल.

आणखी एक गोष्ट मुलांच्या आई-वडिलांना बसवून सांगा. २०२१ पासून या योजनेत केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो, आणि त्यात कॉलेजची फीसुद्धा असते. ती सात दिवसांत कॉलेजला भरायची असते. घरी अडचण असताना अचानक मोठी रक्कम दिसते, ती औषधाला नाहीतर पेरणीला जाते, आणि वर्षाच्या शेवटी टीसी अडते. ज्या दिवशी पैसे येतील त्याच दिवशी किती आपले आणि किती कॉलेजचे, हे कॉलेजकडून लिहून घ्यायचं.

मी स्वतः एनएमएमएसवर, म्हणजे आठवीत परीक्षा देऊन मिळणाऱ्या केंद्राच्या शिष्यवृत्तीवर, बारावीपर्यंत शिकलो. आता जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. आठवीच्या मुलांचे रविवारचे वर्ग घ्यायचे आहेत. किती वर्ग लागतील? आणि मुलं निवडली जाऊनही पैसे बंद पडतात, ते का?
— शिक्षक, जत तालुका

परीक्षा दोन पेपरांची: बौद्धिक क्षमता चाचणी ९० गुण, शालेय क्षमता चाचणी ९० गुण, प्रत्येकी दीड तास. शालेय पेपरात विज्ञान ३५, समाजशास्त्र ३५ आणि गणित २०. पात्र ठरायला दोन्ही मिळून ४० टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ३२ टक्के. पण पात्र झालं म्हणजे निवड झाली असं नाही, पुढे जिल्ह्याची यादी लागते. चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत, तेव्हा एकही गोळा रिकामा सोडायचा नाही.

शालेय विषय तुम्ही रोज शिकवताच. रविवार बौद्धिक चाचणीला द्या, कारण मुलांनी ते प्रश्न कधी पाहिलेलेच नसतात. बारा रविवार पुरतात. संख्यामालिका, आकृत्यांचा क्रम, सांकेतिक भाषा, आरशातली प्रतिमा, वेन आकृत्या, दिनदर्शिका असे आठ-नऊ घटक आठ रविवारी, आणि उरलेल्या चार रविवारी घड्याळ लावून पूर्ण पेपर. ९० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे, म्हणजे प्रश्नाला एक मिनिट. हुशार मुलं हमखास पंचविसाव्या प्रश्नावर अडून बसतात. ‘खूण कर, पुढे जा, परत ये’ ही सवय वर्गातच लागली पाहिजे. गोळे रंगवायला शेवटची दहा मिनिटं ठेवणारं मूलही हातचे गुण घालवतं. उत्तर सापडलं की लगेच गोळा.

अर्ज भरण्याआधी पात्रता पाहा: सातवीला ५५ टक्के, घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, शाळा शासकीय, स्थानिक संस्थेची किंवा अनुदानित. नवोदय, केंद्रीय विद्यालय आणि विनाअनुदानित शाळांतल्या मुलांना ही शिष्यवृत्ती नाही.

आता पैसे बंद का पडतात. वर्षाला १२,००० रुपये, नववी ते बारावी मिळून ४८,००० होतात. मात्र निवड राज्य परीक्षा परिषद करते आणि पैसे केंद्राच्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवरून येतात. यादीत नाव आलं की घरच्यांना वाटतं, झालं. नववीत गेल्यावर पोर्टलवर नवा अर्ज आणि पुढे दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं, हे कुणी सांगितलेलंच नसतं. दुसरी गळती दहावीनंतर होते. दहावीला ६० टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्के सूट. शिवाय मूल पॉलिटेक्निकला, आयटीआयला किंवा विनाअनुदानित ज्युनिअर कॉलेजला गेलं की शिष्यवृत्ती थांबते. अनुदानित कॉलेजात गेलं तरी तिथे शिष्यवृत्तीचं काम पाहणाऱ्या नोडल अधिकाऱ्याला हे मूल एनएमएमएसचं आहे याचा पत्ता नसतो. निकालाच्या दिवशीच मुलाच्या हातात एक चिठ्ठी द्या: योजनेचं नाव, अर्ज क्रमांक, निवडीचं वर्ष. प्रवेश घेतला की ती चिठ्ठी नव्या कॉलेजच्या कार्यालयात पोचली पाहिजे.

मला शिकायला लोकांनी मदत केली. आता मी कमावते. पण ‘समाजाचं ऋण फेड’ हे इतक्या वेळा ऐकलंय की मन दुखतं. मदत घेतली म्हणून आयुष्यभर देणं लागतेच का?
— परिचारिका, नाशिक

कायद्याने काहीच लागत नाही. सरकारी शिष्यवृत्ती हा हक्क आहे, उसनवारी नव्हे. घरची जबाबदारी तुमच्यावर असेल तर आधी ती, आणि त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांकडून कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी मिळाली. बदल्यात बडोदे संस्थानात दहा वर्षं नोकरी करायची, असा करार होता. १९१७ मध्ये ते बडोद्याला रुजू झाले, पण अस्पृश्य म्हणून त्यांना राहायला घरसुद्धा मिळालं नाही आणि थोड्याच दिवसांत शहर सोडावं लागलं. करारातली परतफेड अशी जागच्या जागी अडली. मग १९२५ मध्ये सोलापुरात बहिष्कृत हितकारिणी सभेचं विद्यार्थी वसतिगृह उघडलं. १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या मंडळात गेल्यावर त्यांनी अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणासाठी पैसे मागितले, आणि १९४४ पासून मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती सुरू झाली. वर करमाळ्याच्या अकरा जणांना मिळाली, ती तीच. ज्याने दिलं त्यालाच परत करायचं, असा हिशेब यात कुठेच नाही.

तुमच्या मनाला पटेल तेव्हा, पटेल तेवढंच करा. नर्सिंगला प्रवेश घेणाऱ्या एका मुलीला पहिल्या वर्षाचा गणवेश, पुस्तकं आणि वसतिगृहाचा खर्च कसा येतो हे तासभर फोनवर सांगितलंत, तरी ती कुणी दुसऱ्याने देऊ न शकलेली मदत असते.

गावातल्या एका मुलीचा इंजिनिअरिंगचा खर्च दोघं भाऊ मिळून उचलणार आहोत. पैसे तिच्या खात्यात टाकावेत का? किती लागतील?
— व्यापारी, लातूर

फी थेट कॉलेजच्या खात्यात तिच्या नावाने भरा आणि पावती तिच्याकडे ठेवा. एका आर्थिक वर्षात नात्याबाहेरच्या लोकांकडून मिळून ५०,००० रुपयांपेक्षा जास्त भेट मिळाली, तर ती सगळी रक्कम तिचं उत्पन्न धरली जाऊ शकते. तिच्या खात्यात फक्त दरमहाचा राहण्या-जेवणाचा खर्च जाऊ द्या. एका व्यक्तीला दिलेल्या मदतीवर तुम्हाला करसवलत मिळत नाही, हे आधीच धरून चाला.

किती लागतात याचा अंदाज शासकीय वसतिगृह न मिळालेल्या मुलांना राहण्या-जेवणाचा खर्च देणाऱ्या स्वाधार योजनेवरून घ्या. पुणे, मुंबई, नागपूरसारख्या शहरांत ती वर्षाला ६०,००० रुपये धरते: भोजन ३२,०००, निवास २०,०००, निर्वाह ८,०००. पुण्यात कॉटबेसिसवर राहणाऱ्या मुलीला निवासाचा आकडा अपुरा पडतो, म्हणून वर वीस-पंचवीस हजारांची तयारी ठेवा. पण त्याआधी तिला ज्या योजना लागू आहेत त्यांचे अर्ज भरले आहेत का, ते पाहा. शासकीय वसतिगृह मिळालं तर तुमच्या त्याच पैशात दुसरी मुलगी शिकेल.

चारही वर्षांचं एकदम ठरवा. दुसऱ्या वर्षी धंदा मंदावला म्हणून हात आखडला, तर ती ना इकडची राहते ना तिकडची. चारची खात्री नसेल तर पहिल्या दोन वर्षांचंच वचन द्या आणि तसं तिला स्पष्ट सांगा. तिच्याकडून दर सहामाहीला गुणपत्रिका मागा, फोटो मागू नका.

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर इंग्लंडला शिकलो, सध्या इथेच नोकरीला आहे. आम्ही सात-आठ जण मिळून निधी काढावा म्हणतो. संस्था नोंदवावी का? आणि नव्या अर्जदारांना आमचा काय उपयोग?
— वाचक, मँचेस्टर

संस्थेची घाई करू नका. सोसायटी नोंदवायला सात सभासद लागतात, महाराष्ट्रात तिची सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणून धर्मादाय कार्यालयातही नोंद होते, दरवर्षी लेखापरीक्षण करावं लागतं. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. उत्साहाने काढलेल्या संस्था इथेच अडकतात. मूळ विश्वस्त पांगतात, बदल अर्ज राहून जातो, आणि पुढे बँक नव्या सह्या घेत नाही. बहुतेक कॉलेजांचे माजी विद्यार्थी संघ नोंदणीकृत असतात. ज्याच्याकडे ८०जीची (देणगीदाराला करसवलत देणारी) मान्यता आणि मागच्या तीन वर्षांचे ताळेबंद असतील अशा संघात स्वतंत्र निधी ठेवणं पुष्कळ सोपं.

परदेशातून देताना एक भेद नीट समजून घ्या. भारतीय पासपोर्ट असलेल्याने आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे परकीय देणगी ठरत नाहीत. तुमच्यातल्या कुणी ब्रिटिश नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय (परदेशस्थ भारतीय वंशाच्या नागरिकाचं) कार्ड असूनही त्याची देणगी परकीय ठरते. ती घ्यायला संस्थेची एफसीआरए, म्हणजे परकीय देणगी कायद्याखालची, नोंदणी हवी. त्यासाठी साधारणपणे संस्था तीन वर्षं जुनी आणि तिने १५ लाख रुपये खर्च केलेले असावे लागतात. एकाची देणगी चुकीच्या खात्यात गेली तर अडचणीत संस्था येते.

नव्या अर्जदारांना तुमचा उपयोग पैशापेक्षा वेळेचा आहे. या योजनेत दरवर्षी ७५ जागा असतात आणि विद्यापीठ क्यूएस या जागतिक क्रमवारीत पहिल्या दोनशेत असावं लागतं. विनाअट ऑफर लेटर हवं, आणि ते मिळायला महिने जातात. म्हणून तुमचं काम आधीच्या ऑक्टोबरपासून सुरू झालं पाहिजे. उद्देशपत्र तुम्ही लिहून देऊ नका, प्रश्न विचारा. ‘याच विद्यापीठात का? इथला कुठला प्राध्यापक, कुठला विषय? परत येऊन पहिल्या वर्षी काय करशील?’ उत्तरं मराठीत आली तरी चालतील, पण ती त्याची असू द्या. सरळ इंग्रजीत आणणं हे नंतरचं काम.

निवड झाल्यावरचे आठ आठवडे सर्वांत नाजूक. व्हिसासाठी शिष्यवृत्तीचं पत्र शासनाच्या लेटरहेडवर, तारखेसह, विद्यार्थ्याचं नाव, रक्कम आणि कालावधी स्पष्ट लिहिलेलं असावं लागतं. ते मोघम असेल तर अर्ज अडतो, म्हणून मसुदा आधी वाचून घ्या. क्षयरोगाची तपासणी मान्यताप्राप्त केंद्रातच होते, त्याची वेळ लवकर घ्यायला सांगा. आणि पहिला हप्ता हाती येण्याआधी व्हिसा, आरोग्य अधिभार, घराची अनामत, तिकीट असे खर्च येऊन पडतात. जमिनीचा तुकडा गहाण पडतो तो याच आठवड्यांत. तुमचा निधी दान म्हणून वाटण्यापेक्षा या काळासाठी बिनव्याजी उसनवार म्हणून ठेवा. १८९२ मध्ये सुरू झालेली जे. एन. टाटा एन्डोमेंट कर्जशिष्यवृत्तीच देते. जुन्यांनी फेडलेल्या पैशावर नवे जातात. परतफेडीची मुदत पहिली नोकरी लागल्यावर वर्षभराने सुरू होऊ द्या, आणि हे कागदावर लिहा.

मी बँकेत आहे, पत्नी अंगणवाडी पर्यवेक्षिका. दोघंही शिष्यवृत्तीवर शिकलो. शिबिरांना वेळ नाही. रोजच्या कामातूनच काही करता येईल का?
— वाचक, वाशिम

पहिल्या पत्रातली अर्धी दुखणी बँकेच्या काउंटरवरची आहेत, तेव्हा तुमच्याइतकं कुणाला करता येईल? डॉ. जयंत नारळीकर टाटांच्या शिष्यवृत्तीवर १९५७ मध्ये केंब्रिजला गेले, १९७२ मध्ये परतले, पुढे पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभी केली. सही मागणाऱ्या मुलांना ते म्हणायचे, पोस्टकार्डावर विज्ञानाचा प्रश्न लिहून पाठव, उत्तर सहीनिशी येईल. आपल्या कामातलंच काहीतरी ते देत होते.

तुमच्या शाखेत व्यवस्थापकांना विचारून जुलै ते नोव्हेंबर आठवड्याचा एक दिवस दुपारी दोन तास विद्यार्थ्यांच्या केवायसीला आणि डीबीटी संमती अर्जाला राखून ठेवा. जवळच्या दोन कॉलेजांना तसं पत्र द्या. संमती अर्जाचा भरलेला नमुना मराठीत काउंटरवर चिकटवा. ‘सर्व्हर डाउन आहे, उद्या ये’ असं सांगायची वेळ आली, तर मुलाचा अर्ज ठेवून घ्या आणि पोच द्या. तीस किलोमीटरवरून एसटीने आलेल्या पोराचा दुसरा दिवस तरी वाचतो. तुमच्या पत्नींना घरोघरची कुटुंबं ठाऊक असतात. आठवीतली मुलगी असलेल्या घरी एनएमएमएसच्या अर्जाची तारीख आणि उत्पन्नाच्या दाखल्याला लागणारे कागद, एवढं त्या जाता-जाता सांगू शकतात. दाखल्याचे कागद असे: रेशनकार्ड, वडिलांचं किंवा आईचं आधार, शेती असेल तर सातबारा, आणि तलाठ्याचा अहवाल.